काकांनी झाकण लावलं होतं

प्रिय ताई,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलंय, उगाच फुगून जाऊ नकोस. समोर बोलायला गेले की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि तू माझ्या तोंडातला अर्धा शब्द काढून घेऊन त्याचं तुझ्या सोयीचं वाक्य करून टाकतेस. कागदावर तुला ते जमणार नाही. दुरुस्तीच्या जॉबकार्डांच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, पानांना आकडे टाकलेत, तेव्हा उलटी करून गिऱ्हाइकांचे लॅपटॉप वाचत बसू नकोस. आणि शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस. नववीतून शाळा सोडलेल्या मुलीचं पत्र आहे हे. तूच तर सगळ्यांना सांगतेस, आमची ही नववी नापास. नापास नाही ताई. मी परीक्षेलाच बसले नव्हते. एवढा तरी फरक ठेव.

काल तू नवीन जॅकेट घालून, दाखवायचा टॅबलेट मखमली पिशवीत घालून मोठ्या सभेला गेलीस. साठ टॅबलेटची ऑर्डर. सगळ्या बचाव केंद्रांना आपलेच. जाताना दारातून ओरडलीस, "सायलेंट, दुकान सांभाळ, आणि कोणाशी जास्त बोलू नकोस हं!" आणि स्वतःच हसलीस. शेजारचा झेरॉक्सवाला पण हसला. हा विनोद तू तीन वर्षं करतेस. मला वाटतं आता त्याची बॅटरी बदलायला हवी.

तिकडे आता काय होणार ते मी न बघता सांगू शकते. तू खांद्यापर्यंत टॅबलेट उचलशील आणि फरशीवर सोडशील. सगळे दचकतील. मग तू त्याच्यावर उभी राहशील, टाचांच्या चपला घालून. मग बादली मागवशील, त्यात तो बुडवशील, आणि बुडवलेला असतानाच समोरच्या पहिल्या माणसाला त्याचं नाव, गाव, हुद्दा विचारत बसशील. मग बाहेर काढून, पाणी निथळत असताना, त्याच माणसाचा फोटो काढशील. "पाडा, बुडवा, तुडवा, हा चालूच राहणार!" लोक टाळ्या वाजवतील. तीन वर्षं मी दुकानातल्या प्लायवूडच्या पार्टिशनच्या अलीकडे बसून हे ऐकलंय. उन्हात दिसणारा पडदा, हातमोजे घालून चालणारा टच, चालू असतानाच बदलता येणारी बॅटरी, सगळं. बाहेर तू बोलायचीस आणि आत माझे ओठ हलायचे. मला सगळं पाठ आहे. फक्त आवाज तुझा.

पण त्या मखमली पिशवीतल्या टॅबलेटबद्दल तू एक गोष्ट कोणालाच सांगत नाहीस. तो कधी उघडलेलाच नाही. कंपनीतून आला तसाच आहे. मी त्याला आजवर स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही, तूच लावू दिला नाहीस. विकलेले मात्र उघडलेले असतात.

थांब, फेकून देऊ नकोस पत्र. मी तुझे उपकार विसरलेले नाही. ते विसरता आले असते तर हे पत्र दोन महिन्यांपूर्वीच लिहिलं असतं.

नववीत त्या बाईंनी मला धडा मोठ्याने वाचायला उभं केलं होतं आणि पहिलाच शब्द फुटला नाही. घड्याळ समोर होतं, पूर्ण चार मिनिटं उभी होते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, हिला हलवून बघा." दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आई रडली, शाळेत जाऊन आली, परत रडली. आणि तू संध्याकाळी आलीस, माझ्यापुढे तो जाडजूड जुना ऑफिसचा लॅपटॉप ठेवलास. आपला ठोकळा. म्हणालीस, "बोलू नकोस काही. उघड." मी मागचे स्क्रू काढले, झाकण वर आलं, आणि आत सगळं कसं नीट मांडलेलं. रॅमची एक खाच रिकामी, तिथे अजून एक पट्टी बसते. डिस्क एका स्क्रूवर. बॅटरी निघते, कीबोर्ड निघतो, कीबोर्डखाली सांडलेलं पाणी वाहून जायला दोन भोकं. बिजागरी लोखंडी. तू म्हणालीस, "बघ, हा बनवला तेव्हाच कोणीतरी विचार केला होता की हा पुढे वाढवावा लागेल." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी त्या दिवशी पहिल्यांदा जेवले. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात यायला लागले.

म्हणून तर त्या सुट्टीच्या दिवशी डोक्यात तिडीक गेली. आठवतंय का तुला? तुझा नवीन चपटा लॅपटॉप आला होता. मी तो उघडून बघितला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं की याची रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे, पुढे वाढणार नाही, आहे तेवढ्यावरच भागवायचं. तू ती चिठ्ठी दोन गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचलीस आणि म्हणालीस, "म्हणजे अगदी आमच्या सायलेंटसारखा!" ते हसले. मी आत जाऊन लॅपटॉपचे स्क्रू परत बसवले, सगळे, नीट. एकही ढिला ठेवला नाही. तू माझ्या जागी असतीस तर ठेवला असतास.

आता कामाचं बोलते.

तलावावरच्या बचाव पथकाचे पाच टॅबलेट. बोटीवर लावायचे, धुक्यात नकाशा दिसावा म्हणून. पथकाच्या मॅडमना तलावाच्या तळाचे नकाशे टाकायचे होते, कुठे खडक, कुठे जुन्या पुलाचे खांब, कुठे गाळ. ते मावत नव्हते. तू तिथल्या तिथे सांगून टाकलंस, "मेमरी दुप्पट करून देते, गुरुवारी सकाळी घेऊन जा." वाढवता येते, खरं आहे. पण असला टॅबलेट उघडला की त्याच्या कडेचं रबरी सील गेलं. ते एकदा दाबलं जातं ते जातंच. वापरलेल्या इलॅस्टिकसारखं, दिसायला तेच, धरायला काही नाही. उघडलं की नवीन सील घालायचं, आणि स्क्रू त्या ठरावीक जोराच्या ड्रायव्हरने आवळायचे, टक् म्हणाला की थांबायचं. मग बादलीत अर्धा तास. मग हिरवं स्टिकर, पाण्याची चाचणी झाली म्हणून. हे मला तूच शिकवलंस. तुझ्याच हाताने भिंतीवर लिहून लावलंयस, माझ्या टेबलासमोर.

बुधवारी दुपारपर्यंत मी पाचही उघडले, मेमरी घातली. नवीन सील आलेलं नव्हतं. मी पाच जुनी सीलं पुसून टेबलावर ओळीने ठेवली होती, चपटी, रिबिनीसारखी. मी चिठ्ठी पाठवली. आपलं नेहमीचंच, प्लायवूडच्या फटीतून चिठ्ठी, फटीतून उत्तर. मी लिहिलं होतं, "नवीन सील?" तू खाली लिहून परत सरकवलीस.

काय लिहिलंस ते तुला आठवत असेल. नसेल तर पत्राच्या शेवटी आठवण करून देते.

मी बसवली. जुनीच. कडेला थोडं ग्रीस लावलं, म्हणजे मनाला बरं वाटावं म्हणून. स्क्रू टक् म्हणेपर्यंत आवळले. बादलीसाठी वेळ नव्हता, तू आत आलीस, रोलवरून पाच हिरवी स्टिकरं काढलीस आणि चटाचट चिकटवलीस. एक वाकडं लागलं तर काढून परत सरळ लावलंस! सील चालेल पण स्टिकर वाकडं चालत नाही तुला.

पुढच्या सोमवारी नवीन सीलांचं पाकीट आलं. मी परत चिठ्ठी पाठवली, ते पाच टॅबलेट परत मागवायचे का म्हणून. या वेळी तू लिहिलंसुद्धा नाहीस, तिकडूनच ओरडलीस, "अगं, चालत्या गाडीचं बॉनेट कशाला उघडायचं?" पाकीट तिसऱ्या खणात गेलं. आणि मी गप्प बसले. मी नेहमीच गप्प असते, त्यामुळे या वेळचं गप्प वेगळं होतं हे कोणाला कळलंच नाही. तुला तरी कळलं होतं का? खरं सांग.

दोन महिन्यांनी त्या धुक्याच्या सकाळी पलीकडच्या काठाला एक माणूस उलट्या होडीला धरून लटकत होता. बोटवाले काका निघाले. बावीस वर्षं बोट चालवणारे. टॅबलेट बोटीच्या तळाशी घोटाभर पाण्यात पडला, बोटीत पाणी असतंच, त्यासाठीच तर तो घेतला होता. अर्ध्या वाटेत पडदा काळा झाला. काका अंदाजाने गेले आणि बोट जुन्या पुलाच्या खांबाला लागली. डावा हात बोट आणि दगडाच्या मधे आला. हाताची दोन बोटं गेली. तो लटकलेला माणूस दुसऱ्या बोटीने काढला, वाचला. तू हे सगळ्यांना सांगताना नेहमी इथून सुरू करतेस, "माणूस तर वाचला ना."

बंद पडलेला टॅबलेट आपल्याकडेच आला, कारण शोधायला. आणि तू न उघडताच अहवाल लिहिलास. टाइप तू केलास, प्रिंट मी काढली, म्हणून मला माहीत. चार्जिंगच्या जागेचं रबरी झाकण उघडं राहिल्यामुळे पाणी आत शिरलं, वापरणाऱ्याची चूक. खाली तुझी ती लांबलचक सही. प्रिंटरमधून कागद गरम गरम बाहेर आला आणि मी तो धरून उभी राहिले. तू म्हणालीस, "काय झालं, शाई कमी आहे का?"

शाई भरपूर होती.

तू दुपारी बाहेर गेल्यावर मी तो उघडला. तुला माहीतच आहे, आत तांदळाएवढी पांढरी स्टिकरं असतात, पाणी लागलं की लाल होतात आणि परत पांढरी होत नाहीत. चार्जिंगच्या जागेजवळचं पांढरंशुभ्र होतं. झाकणाच्या आतल्या खाचेत धूळ सुद्धा कोरडी. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातलं लालभडक, तिथे सीलवरून आत आलेली गाळाची बारीक रेघ. पाणी झाकणातून आलंच नव्हतं. माझ्या सीलमधून आलं होतं. मी तो तसाच उघडा, लाल स्टिकर वर दिसेल असा, तुझ्या टेबलावर ठेवला. तू आलीस. बघितलंस. मी फटीतून बघत होते, तू पूर्ण वाकून बघितलंस. मग त्याच्यावर फाइल ठेवलीस आणि मला विचारलंस, "जेवलीस का?"

आणि मग म्हणालीस, "तुला काही बोलायचं असेल तर बोल बाई, मी कुठे अडवलंय." तुला माहीत होतं मी बोलणार नाही. तू त्या चार मिनिटांवर भरवसा ठेवलास, ताई. मागच्या बाकावरच्या पोरांपेक्षा तू जास्त वाईट वागलीस. त्यांना तरी माहीत नव्हतं मला काय होतं ते.

मी आईला सांगायचा प्रयत्न केला. लिहूनच. आईने चिठ्ठी वाचली, घडी घातली, डाळीच्या डब्याखाली ठेवली. म्हणाली, "तिने तुला उभं केलं गं, तिच्याच पायाखालची सतरंजी ओढू नकोस." मग मला भात वाढला. आपल्या घरात काहीही झालं की कोणीतरी कोणालातरी जेवायला वाढतं आणि विषय संपतो.

आता तुला न सांगितलेलं सांगते. गेल्या महिन्यात तू बँकेत गेली होतीस तेव्हा काका दुकानात आले होते. हाताला पट्टी. त्यांना आता बोटीवर घेत नाहीत, किनाऱ्यावर तरंगायची जॅकेटं वाटायला ठेवलंय. ते भांडायला आले नव्हते. काउंटरशी उभे राहिले, मी नेहमीसारखी खाली बघत होते, आणि ते म्हणाले, "बाळा, एकच विचारायचंय. झाकण खरंच उघडं होतं का? म्हणजे मला अंगठ्याने दाबल्याचं आठवतंय. पण ते त्या दिवशीचं आठवतंय की आदल्या दिवशीचं, ते काही सांगता येत नाही." असं म्हणताना उजवा अंगठा काउंटरच्या काचेवर दाबत होते, एकदा, परत एकदा. मग हसून म्हणाले, हल्ली घराला कुलूप लावलं तरी कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघतो, गॅस दोन-दोनदा बघतो, बायको म्हणते तुम्हाला झालंय काय. बावीस वर्षांत एक दोर चुकीचा बांधला नाही, आणि एवढंसं झाकण विसरलो.

काउंटरखालच्या माझ्या खणात ती दोन्ही स्टिकरं होती, टॅबलेटमधून काढून ठेवलेली, एक पांढरं, एक लाल. काका आणि खण यांच्यात हातभराचं अंतर. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं ताई. काही आलं नाही. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं, पेला काचेवर ठेवला, आणि म्हणाले, "राहू दे. तुझी ताई शिकलेली आहे, ती म्हणते तसंच असणार." आणि गेले. दारातून बाहेर पडल्यावर परत आले आणि दार नीट लागलंय का ते ओढून बघितलं.

त्या दिवसापासून मला तुझा आवाज सहन होत नाही. प्लायवूडपलीकडून "पाडा, बुडवा, तुडवा" आलं की मी कानांवर हात ठेवते. आणि माझे ओठ तरी हलतातच, सवयीने. त्याचा राग वेगळा.

आज सकाळी मॅडम आल्या. उरलेले चार टॅबलेट घेऊन. म्हणाल्या, साठ टॅबलेटच्या ऑर्डरचा कागद पुढे जाण्याआधी हे एकदा तपासून दे. मी तुला मेसेज टाकला आणि फोन केला, नियम म्हणून. तू गडबडीत होतीस, मागे माइकची किरकिर. "ठेवून घे, मी आल्यावर बघते. तू काही उघडू नकोस, कळलं?" मी हं म्हटलं. माझ्या हंचा तू नेहमी होच धरतेस.

मी उघडलं नाही काही, तुझा शब्द पाळला. मी फक्त बादली भरली. आपलीच निळी. एक टॅबलेट पंधरा मिनिटं चालू ठेवून गरम होऊ दिला, म्हणजे आतली हवा फुगते. मॅडम फोनवर बोलत होत्या. मी त्यांची बाही ओढली. कोणाची बाही ओढायची मी आयुष्यात पहिलीच वेळ. त्यांच्यासमोर झाकण अंगठ्याने दाबलं, त्यांचा अंगठा धरून तोही दाबायला लावला, आणि टॅबलेट पाण्यात सोडला. तुझ्यासारखं नाव, गाव, हुद्दा मला विचारता आलं नाही. शेजारचं झेरॉक्सचं मशीन तेवढं चालू होतं. मग खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग एकामागोमाग, सरळ रेषेत, दोरा ओवल्यासारखे. झाकणापाशी एकही नाही.

मॅडम त्यांच्या गणवेशात फरशीवर गुडघे टेकून बसल्या. त्यांनी बादलीच्या कडेला हात ठेवला आणि बाकीचे तीनही बुडवायला सांगितले. चारांतले तीन गळले. मग मी खण उघडला आणि दोन स्टिकरं त्यांच्या तळहातावर ठेवली. कुठलं कुठून निघालं ते बंद पडलेल्या टॅबलेटवर बोट ठेवून दाखवलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हळू विचारलं, "आमचे काका तुझ्याकडे आले होते ना?" मी मान हलवली. "मग तू काय सांगितलंस त्यांना?" मी मान पण हलवू शकले नाही. त्या म्हणाल्या, "ते रोज माझ्याकडे येऊन विचारतात, झाकणाचं. रोज. मी त्यांना सांगते, विसरा आता."

मग त्यांनी विचारलं, हे कसं झालं, कोणी केलं, कोणी सांगितलं. माझं सुरू झालं, ते नेहमीचं. त्यांनी घड्याळ बघितलं नाही. एक कोरा कागद काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, घाई नाही, उद्या अकरा वाजता मी काकांना घेऊन येते, तोपर्यंत लिही.

त्या गेल्यावर मात्र मी तुझा शब्द मोडला आणि तिसऱ्या खणातलं पाकीट फोडलं. चारही टॅबलेटना नवीन सील घातलं, स्क्रू टक् म्हणेपर्यंत आवळले, एकेक करून अर्धा-अर्धा तास बादलीत ठेवला. स्टूल घेऊन बादलीशेजारी बसून राहिले. एक बुडबुडा नाही. हिरवी स्टिकरं लावलीत, त्यातलं एक थोडं वाकडं आहे. तसंच राहू दे.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुला शिव्या घालायला नाही, त्या मला तोंडी येतात, मनातल्या मनात. मॅडमच्या कागदावर तीन वाक्यं हवीत. दोन मी लिहिलीत. पहिलं, काकांनी झाकण लावलं होतं. दुसरं, सील जुनं होतं आणि ते मी बसवलं. खाली माझं पूर्ण नाव. तिसरं, जुनं सील बसवायला कोणी सांगितलं, त्यासाठी जागा सोडलीय. ते तुझं आहे, तुझ्या अक्षरात हवं. त्या बुधवारची चिठ्ठी या पानाला टाचलीय, बघ, वर माझं "नवीन सील?" आणि खाली तुझं "जुनंच पुसून बसव, कोणाला कळतंय." माझ्याकडे याची कॉपी नाही, शेजारी झेरॉक्स असून काढली नाही. मॅडमना दाखवली नाही. फाडायची तर फाड. उद्या सकाळी तू नऊच्या बसने येशील, पत्र रिकाम्या बादलीत ठेवतेय, बादली तुझ्या खुर्चीवर, म्हणजे बसायला गेलीस की दिसेलच. दोन तास आहेत तुझ्याकडे. अकरा वाजता काका त्या काचेपाशी उभे राहतील आणि पहिलं वाक्य मी त्यांना वाचून दाखवणार नाही, तोंडाने सांगणार आहे. दुपारपासून मोरीत नळ सोडून मी तेवढंच म्हणतेय. सुरुवातीला नुसती हवा यायची. मघाशी पूर्ण आलं, तीन वेळा. मग मी तिसरं वाक्य पण म्हणून बघितलं, तुझं. ते पहिल्याच झटक्यात आलं, ताई. मला त्याचीच भीती वाटतेय. ये, आणि तुझं तू म्हण.

तुझीच,
सायलेंट

हे नाव उद्या अकरापर्यंत चालेल. नंतर दुसरं शोध.